प्रेसवरची जाळी

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१६ नोव्हेंबर १९८६

दादास सुगंधाचा वाकून नमस्कार.

वहिनीचा गुडघा आता बरा असेल. कोकमं पोचली. इकडे आम्ही ठीक. हे सध्या रजेवर आहेत, पण भातकापणीला काही येणार नाहीत.

मिल बंद पडली तेव्हा ह्यांनी कसा धीर धरला ते तू बघितलंस. डब्यांच्या ह्या कारखान्यात लागले तेही स्वतः दारोदार फिरून. कुणी सांगेपर्यंत थांबणं ह्यांना माहीतच नव्हतं. पत्रा दाबायच्या प्रेसवर बायकांचे हात साच्याखाली जातात हे बघून ह्यांनी भंगारातल्या पट्ट्यांची जाळी करून बसवली. शेठने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "सुगंधा, माणसाने मनावर घेतलं की होतं गं."

मग दिवाळीची ऑर्डर आली. जाळीमुळे काम हळू होतं म्हणून शेठने ती काढायला लावली. हे पुन्हा पुन्हा केबिनमध्ये गेले. शेवटी ह्यांना आत घेणंच बंद झालं.

दादा, रजा नाही. काढून टाकलंय. आमच्याच चाळीतल्या शेवंतीची बोटं त्या प्रेसखाली गेली. शेठने ह्यांच्यावरच ढकललं, म्हणाला, दशरथने जाळी लावताना मशीन बिघडवली. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांना तरी काय बोलू? पोट सगळ्यांना आहे.

शेवंती मात्र पट्टी बांधलेला हात घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, "भाऊ, तुमची जाळी होती तोवर माझा हात शाबूत होता. मी कुठेही सांगेन. वकिलाकडे चला."

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मी हात लावला की वाटोळंच होतं. तू जा बाई."

ती एकटीच गेली.

आता स्टोव्ह विझला तरी हे उठत नाहीत. परवा आरेतल्या तळ्याकाठी बसलेले एका दूधवाल्याला दिसले. चपला बाजूला काढून ठेवलेल्या. त्याने हाताला धरून घरी आणलं. तिथे का गेले होते ते विचारायची भीती वाटते.

तू समजूत घालायला येऊ नकोस. फक्त ह्यांना लिही, गोठ्याचं छप्पर बसलंय, भावोजी, तुमच्याशिवाय उभं राहणार नाही. छप्पर धड असलं तरी लिही.

हे पत्र शेवंती पेटीत टाकेल. ह्यांना एकटं सोडून मी पोस्टापर्यंतही जात नाही.

तुझी,
सुगंधा