रेकॉर्डर ठरेपर्यंत

रविवार, १ सप्टेंबर

निर्णय झाला. आबांची सगळी गाणी रेकॉर्ड करायची.

पुढे गोंधळ नको म्हणून सगळं लिहून ठेवतो. आबा, म्हणजे माझे वडील दशरथ, रेल्वेत गँगमन होते. भुसावळला त्यांची गायन पार्टी होती आणि भीमजयंतीला आमच्या वस्तीत त्यांच्याशिवाय स्टेज उभं राहायचं नाही. गाणी स्वतःच बांधायचे. लिहिलेलं मात्र एकही नाही. आबा सहीपुरतं लिहितात, बाकी सगळं तोंडात. पार्टीतले बाकीचे आता उरले नाहीत.

आवाज काही महिने बसलेला आहे. माझ्या बदलीमुळे सगळे जयपूरला आलो, इथली धूळ, दुसरं काय. रेल्वे क्वार्टरच्या खिडक्या कधी नीट लागल्यात?

आधी एक चांगला पोर्टेबल डिजिटल रेकॉर्डर घ्यायचा. मग भराभर गाणी. रेकॉर्डर निवडणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर

अर्ध्या दिवसाचं काम नाही.

दोन माइक एकमेकांवर तिरके असलेले एक प्रकारचे, दोन बाजूंना तोंड केलेले दुसऱ्या प्रकारचे. बाहेरचा माइक जोडायची सोय हवी की नको? बिट किती? वारा अडवणारी केसाळ टोपी वेगळी घ्यावी लागते. लोक उगाच म्हणतात एक मशीन घ्या आणि बटण दाबा.

संध्याकाळी आबा गॅलरीत बसून गात होते. माझी बायको मोनाली म्हणाली, फोनवर घ्या ना आत्ताच, छान लागलाय आवाज. तिला समजावून सांगितलं की फोन आवाज दाबतो, चिरडतो, वरचे स्वर खातो. वाढदिवसाला फोन ठीक आहे. हे पुढच्या पिढ्यांसाठी आहे. ती कांदा चिरत ऐकत होती. पटलं असावं, कारण काही बोलली नाही.

मी अकाउंट्समधला माणूस. टेंडर घाईत उघडायचं नसतं. रीतसर तुलनात्मक तक्ता करतो.

सोमवार, ९ सप्टेंबर

तक्ता सुरेख झाला आहे. ऑफिसात लंचमध्ये केला. रकाने: माइक, बॅटरी, वजन, मेमरी, स्वतःचा खरखराट. सगळ्यांत महत्त्वाचा शेवटचा. मशीनच आतून सूं करत असेल तर आबांनी कितीही जीव ओतला तरी उपयोग काय?

आबांना पूर्वी काळी चारचा सूर लागायचा. आज पेटी घेऊन बसलो तर काळी दोनवर आले. मला तर बरंच वाटलं. खालचा आवाज माइकवर भारदस्त येतो, एका अमेरिकन माणसाने व्हिडिओत दाखवलंय.

शनिवार, २१ सप्टेंबर

राजा पार्कला वाद्यांच्या दुकानात गेलो. मालक योगेशजी. त्यांनी एक रेकॉर्डर हातात दिला, म्हणाले, भाईसाहब, ले जाइए, भजन मंडळींचे लोक हाच नेतात. भजन मंडळी! मी त्यांना खरखराटाचा आकडा विचारला. त्यांना माहीत नव्हता. नम्रपणे परत आलो.

घरी आलो तर आबांच्या रुमालाला लाल डाग. आबा पान खात नाहीत. पण जयपूरला आल्यापासून खात असतील, इथे सोडाल्याच्या कोपऱ्यावर टपरी आहे. मोनालीला बोललो नाही. तीच बोलली. उद्या दवाखाना.

रविवारी दवाखाना बंद असतो हे लक्षात आलं नाही. सोमवारी.

शनिवार, २८ सप्टेंबर

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून घसा पाहिला. तुकडा तपासायला पाठवला आहे. काळजीचं काही नसावं, डॉक्टर हसून बोलत होते. नंतर मोनालीला बाजूला घेऊन बोलले तेव्हा हसत नव्हते, असं ती म्हणते. तिला बारीकसारीक पाहायची सवय आहे.

वेटिंग रूममध्ये तीन मॉडेलांवर आलो. मोठी प्रगती.

शनिवार, १२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. आमच्या क्वार्टरांतली चार घरं जमलो. वंदना झाली, खीर झाली. सगळे म्हणाले, आबा, एक होऊन जाऊ द्या. आबा उठले. पहिलं कडवं झालं, दुसऱ्यात आवाज फाटला. तिसरं त्यांनी नुसतं हातवारे करून संपवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती. पोरगी दहावीत आहे, या वयात उगाच हळवी होतात.

घरी येताना रिक्षात आबा म्हणाले, अरुण, एक गाणं राहिलंय. तुझ्या आईचं. ती गेल्यावर बांधलं, कुणापुढं म्हटलं नाही. मशीन आलं की ते आधी घे.

अंगावर काटा आला. आईवर, भीमाबाईवर, आबांनी बांधलेलं गाणं, आणि ते मला माहीत नाही! आता तर तडजोडीचा प्रश्नच नाही. असल्या गाण्याला दुसऱ्या नंबरचा रेकॉर्डर लावणारा मुलगा मी नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. जो नको होता तोच आजार. ऑपरेशन १९ नोव्हेंबरला. स्वरयंत्र काढतील. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा.

आबांनी विचारलं, बोलता येईल का? डॉक्टर म्हणाले, काही उपाय आहेत, शिकवू. आबांनी विचारलं, गाता येईल का? डॉक्टरांनी रिपोर्ट घडी करून पाकिटात घातला.

मी तारीख थोडी पुढे घेता येईल का विचारलं. ऑफर सुरू झाल्यात आणि डिलिव्हरीचं सांगता येत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. कलेची जाण सगळ्यांनाच नसते.

बाहेर आल्यावर मोनाली स्कूटरजवळ उभी राहून रडली. मलाही भरून आलं होतं. पण घरात एकाने तरी डोकं शांत ठेवायला हवं, म्हणून मी डोळे पुसले आणि फोनवर ऑफर पाहिल्या.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दोन मॉडेल उरलीत. एकात लेव्हल लावावीच लागत नाही, आवाज कितीही मोठा वा लहान असो, मशीन सांभाळून घेतं. दुसऱ्यात हाताने लावावी लागते. पहिलं आळशी लोकांसाठी आहे. लेव्हल हाताने लावण्यातच कला. मायनस बारावर ठेवायची, शून्याजवळ गेली की आवाज फाटतो, असं सगळे जाणकार म्हणतात.

दुसरं पक्कं. ऑर्डर लवकरच, दिवाळीनंतर किंमत उतरते का ते एकदा पाहून.

प्रज्ञाने आबांचं गाणं घ्यायला मोबाइल काढलेला दिसला. मी नियम केला: आबांनी आता उगाच गायचं नाही. आवाज राखून ठेवायचा. प्रज्ञा म्हणाली, पापा, मतलब आबाजींनी गाना बंद करायचं? मी म्हटलं, बंद नाही, बचत. आबांनी मान डोलावली. आबा शहाणे आहेत.

तेव्हापासून घरात फार शांत वाटतं. गॅलरीत कबुतरं ऐकू येतात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

किंमत उतरली नाही. ऑर्डर दिली. कार्ड वेगळं, केसाळ टोपी वेगळी, छोटा स्टँड वेगळा. टोपी राखाडी की काळी यात थोडा वेळ गेला.

रविवार, १० नोव्हेंबर

आला!! काय वस्तू आहे. हातात घेतली की वाटतं आपण काहीतरी आहोत. स्क्रीनवरची फिल्म काढलेली नाही, ओरखडा नको. मॅन्युअल जाड आहे, बाजूला ठेवलं. इतके व्हिडिओ पाहिल्यावर मॅन्युअल वाचायचं म्हणजे तरबेज स्वयंपाक्याने कुकरवरचं लेबल वाचण्यासारखं आहे.

आबांना दाखवला. त्यांनी हात लावला आणि विचारलं, आत्ता म्हणू का? आवाज इतका खोल गेलाय की मला वाकावं लागलं. मी म्हटलं, आबा, खोली तयार नाही. खोली उघडीबोडकी आहे, आवाज भिंतींवर आपटतो.

ते म्हणाले, बरं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

देवउठनी एकादशी. इथे आजपासून लग्नं. सगळ्या जयपूरची लग्नं आमच्या क्वार्टरासमोरून जातात की काय! बँड, घोडी, जनरेटर. आज रेकॉर्डिंग अशक्य.

तो वेळ खोलीवर लावला. बगरूची छापील रजई, शिवाय घरातल्या होत्या तेवढ्या सगळ्या रजया दोरीवर चारी बाजूंनी टांगल्या. टाळी वाजवली तर आवाज जागीच मेला. उत्कृष्ट. आबांनी आत बसून पाहिलं. म्हणाले, कबरीत बसल्यागत वाटतंय. मग कापसाच्या तंतूंनी खोकत राहिले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल आणि आज वराती. उद्या दुपारी मुहूर्त नाही असं कॉलनीतल्या पंडितजींनी सांगितलं. उद्याच. सोमवारी आबांना ॲडमिट व्हायचंय.

मोनाली माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. उद्या ऐकल्यावर बोलेल.

रविवार, १७ नोव्हेंबर

झालं!

आयुष्यातला मोठा दिवस. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, घड्याळ बाहेर. मोनाली आणि प्रज्ञाला सोडाल्याला बाजारात पाठवलं. प्रज्ञा हट्ट करत होती की कोपऱ्यात गप्प बसते. मी म्हटलं, तुझा श्वासही येईल. फोन तिच्याजवळच दिले, त्यांची लहर माइकमध्ये शिरते.

आत मी आणि आबा. पेटीही नको म्हणाले. मी हेडफोन चढवले, लाल बटण दाबलं. लाल दिवा छान लुकलुकायला लागला. आबांनी खाकरलं आणि मीटरचे पट्टे नाचले. वेळेच्या आकड्यांची रांग मात्र शून्यावरच होती. बॅटरी वाचवायची युक्ती असणार, हे लोक फार विचार करतात.

आबा गायले. आधी आईचं, मग आठवतील तेवढी. आवाज फुटका, पण बायको मेलेल्या माणसाने बायकोसाठी म्हणावं तसं म्हणाले. मधे एकदा तर पट्टा मायनस चारवर गेला. झटकन खाली घेतला. मग ते हळू झाले, मी वर केला. ते वर गेले, मी खाली. शेवटपर्यंत नजर हलू दिली नाही. सरासरी मायनस बारा! एकदाही लाल पट्टी नाही. मी स्वतःवर इतका खूश क्वचितच झालोय.

संपल्यावर आबांनी विचारलं, कसं होतं आईचं? मी अंगठा दाखवला. म्हटलं, आबा, एकदम क्लीन.

लगेच ऐकायचं म्हणाले. मी म्हटलं, घाई नको, छोट्या स्पीकरवर मजा जाते. घरी आलात की चांगल्या स्पीकरवर सगळे मिळून ऐकू. कार्ड काढून डबीत ठेवलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. सगळं नीट निघालं म्हणाले.

आबांना काचेतून पाहिलं. मला पाहून ओठ हलले. काय म्हणाले कळलं नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

स्पीकर ठरवण्याआधी म्हटलं, एकदा कार्ड लॅपटॉपला लावून पाहू.

रिकामं आहे.

लॅपटॉपची चूक असेल. प्रज्ञाच्या लॅपटॉपला लावलं. रिकामं. कार्ड खराब असेल. ऑफिसातल्या माणसाकडून पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर आणलं. ते म्हणतं, इथे कधी काही नव्हतंच.

सोमवार, २५ नोव्हेंबर

राजा पार्क. योगेशजींनी मशीन हातात घेतलं आणि म्हणाले, पहिल्यांदा दाबलं की ते नुसतं तयार होतं, दिवा लुकलुकतो, आवाज ऐकवतं. लेव्हल लावून घ्यायला. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, मग रेकॉर्डिंग. सबके साथ होता है एक बार, म्हणाले, आणि हसले.

अत्यंत वाईट डिझाइन. कंपनीला कडक ईमेल लिहायची.

लिहिली नाही.

मोनालीला सांगितलं. ती उठली आणि दोरीवरच्या रजया एकेक करून काढून घड्या घालत बसली.

रविवार, ८ डिसेंबर

आबा काल घरी आले. गळ्यावर जाळीचं फडकं. श्वासाचा शिट्टीसारखा आवाज येतो. आल्या आल्या माझ्याकडे बोट केलं, मग कानाकडे. काल म्हटलं, आज आराम करा.

आज पुन्हा कानाकडे बोट केलं. प्रज्ञा शेजारी बसली होती. म्हणाली, पापा, लावा ना, आजीवालं. मला दुसरं काही सुचलं नाही. सांगून टाकलं. सगळं, दिव्यासकट.

वाटलं, चिडतील. आबांचे खांदे हलले, मला वाटतं हसलेच ते. मग त्यांनी माझ्या छातीवर बोट ठेवलं. म्हणजे, तू ऐकलंस ना? मग हाताने कोपऱ्यातली पेटी दाखवली, प्रज्ञाकडे बोट केलं. तू म्हण. पोरीला शिकव.

मी पेटी घेतली. खरंच होतं ते. जगात ते गाणं आबांशिवाय फक्त मी ऐकलंय, तेही हेडफोन लावून, हातभर अंतरावरून.

आबांनी पलंगाच्या लाकडावर ठेका धरला. मोनाली दारात येऊन उभी राहिली. मी डोळे मिटून आठवायला लागलो. पहिल्या ओळीला पट्टा मायनस अठरावर होता. दुसऱ्या ओळीत वर चढला, मी खाली घेतला. मायनस चार कुठे झालं तेही आठवलं. शब्द नाही आठवला. चालही नाही. आईचं नाव त्यात होतं की नव्हतं, ते पण सांगता येईना.

प्रज्ञा म्हणाली, पापा, शुरू करो ना.

मी नुसता सूर धरून भाता मारत राहिलो. आबा ठेका देत होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हात थांबवला आणि भिंतीकडे वळून झोपले.