मधमाश्यांना दिलेली खोटी बातमी

ल मोंतेय, जूनअखेर

प्रिय फेरेओल भावजी,

ब्रेस्तचा पाऊस थांबला असेल असं वाटत नाही, म्हणून आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते. सोलांजला माझी आठवण सांगा. इकडे सगळं ठीक. तुमचे दादा ईस्टरपासून अंथरुणावर आहेत, पण सूप घेतात आणि सुपाला नावं ठेवतात, म्हणजे काळजीचं काही नाही. तुम्हाला बोलवायला हे पत्र लिहीत नाहीये. मामंजी गेले तेव्हा तुमची गाडी पोचायच्या आधीच यांनी घराची किल्ली घेतली, मधपेट्या ठोठावल्या आणि मालक गेल्याचं मधमाश्यांना सांगायची आपली रीत एकट्यानंच उरकून टाकली. त्यावरून तुम्ही दोघं भाऊ जो अबोला धरून बसलात, तो मोडायचं माझं वय राहिलेलं नाही.

लिहितेय ते सिनेमावाल्यांबद्दल. दिग्दर्शक लाव्हेर्न पॅरिसचे. त्यांना खेड्यातल्या बालपणावर सिनेमा काढायचा होता (त्यांचं स्वतःचं बालपण पाचव्या मजल्यावर गेलं, असं त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं). गाव त्यांना फार आवडलं, फक्त गावात जे जे होतं ते नको होतं. छपरांवरच्या अँटेना उतरवल्या, खिडक्यांना निळा रंग फासला. आमचा शेणाचा ढीग गाडीत घालून नेला आणि त्या जागी कॅमेऱ्यात बरा दिसेल असा दुसरा आणून टाकला (वासात मला तरी फरक जाणवला नाही). आमच्या पांढऱ्या गाई उन्हात चकाकतात म्हणून तांबड्या मागवल्या, त्यांनी आल्या आल्या महापौरबाईंचे वाटाणे फस्त केले. एक दिवस लाव्हेर्न तुमच्या दादांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, आजोबा, तुमचं बालपण आठवून सांगा ना. हे म्हणाले, "थंडी. थंडीनं सुजलेले कान. आणि रजई ओढून घेणारा धाकटा भाऊ." लाव्हेर्न म्हणाले, थंडी आता जूनमध्ये कुठून आणू? बाकीचं त्यांनी लिहूनही घेतलं नाही.

तर सिनेमातला आजोबा मरतो आणि नातू मधमाश्यांना सांगायला जातो, असा प्रसंग होता. त्यासाठी आमच्या आलुबुखाराच्या झाडांखालच्या पेट्या त्यांनी मागितल्या. मी हो म्हटलं. मला वाटलं, लांबून चित्र घेतील. औषधं घेऊन गावातून परत येते तर प्रत्येक पेटीला काळी फीत बांधलेली, आणि तो पॅरिसचा मुलगा (मधमाश्यांना भिऊन एकावर एक इतक्या विजारी चढवलेला, की स्वतःचाच काका दिसत होता) किल्लीनं पेटी ठोठावून "मालक गेले, मालक गेले" म्हणतोय. मध्येच विमान जायचं, कोकीळ ओरडायचा, की मालक पुन्हा पहिल्यापासून जायचे. आणि हे सगळं तुमचे दादा खिडकीतून बघत होते. मी आत गेले तर शांतपणे म्हणाले, "ओनोरीन, मी गेलो. तुला कुणी कळवलं का?"

मग यांनी विजार मागितली. मालक गेल्याचं कळलं की मधमाश्या सुतकात बसतात, कधी मालकामागून जातातही, हे तुम्हाला मी काय सांगू. लाव्हेर्न समजूत घालायला लागले, आजोबा, हा नुसता सिनेमा आहे. हे म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्यांना कसं कळणार? त्यांनी तिकीट काढलंय का?" शेवटी मी आणि सिनेमाचे दिवे लावणारे दोघे असं मिळून यांना आरामखुर्चीसकट बाहेर उचलून नेलं. यांनी एकेक फीत सोडली, किल्लीनं ठोठावलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मी आरिस्तीद. अजून आहे. बातमी चुकीची होती." लाव्हेर्नच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, सुंदर, आता ऊन छान पडलंय, पुन्हा एकदा कराल का? हे म्हणाले, "बाळा, एवढं मी एकदाच करू शकतो."

सिनेमावाले परवा गेले. अँटेना परत लावून दिल्या, निळ्या खिडक्या तशाच ठेवल्या. तब्येत सांभाळा.

तुमची वहिनी,
ओनोरीन

ता. क. सिनेमा हिवाळ्यात आपल्या शाळेत दाखवणार आहेत. त्या निमित्तानं आलात तर कुणी काही बोलणार नाही.

आणखी एक. हिवाळ्याची वाट बघू नका. "काळजीचं काही नाही" असं वर लिहिलं तेव्हा हे जागे होते आणि पत्र वाचून दाखव म्हणत होते. आता झोपलेत. यंदाचे आलुबुखार यांच्या नशिबात नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

आणि हे शेवटचं. आवाज टिपणारी माएल म्हणून एक मुलगी होती. जाताना तिनं मला बाजूला घेतलं आणि आपलं यंत्र माझ्या कानांना लावलं. खुर्ची परत उचलायच्या आधी तुमचे दादा कडेच्या पेटीशी पुटपुटले होते, ते तिच्या लांब काठीवरच्या मायक्रोफोननं पकडलं होतं. "पुढची बातमी खरी असेल. पण फेरेओल सांगेल तेव्हाच खरी माना. दुसऱ्या कुणाचं ऐकू नका, आमची ही आली तरी." भावजी, मी किल्ली घेऊन गेले तर मधमाश्या मला विचारतील, धाकटे कुठे आहेत.