विहीणबाईंना इटालियनमधून आग्रह

सिल्व्हर पार्क, मीरा रोड

ती. मंदाताईस,

धाकट्या ईश्वरचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याची सूज तेलाने उतरली का? भावोजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे सुखरूप आहेत, म्हणजे मी सोडून. (फोनच केला असता, पण तुझं हसणं ऐकायची ताकद उरलेली नाही.)

संचिताच्या सासूबाई, लुचियाबाई, रविवारी इटलीहून आल्या. त्यांना त्यांच्याच भाषेत जेवायचा आग्रह करायचा म्हणून मी तीन महिने मोबाइलवर इटालियन शिकत होतो, हे तुला माहीत आहेच. फॅमिली ग्रुपवर रोज मीच टाकत होतो. त्या भाषेत 'हे कर, ते कर' सांगताना 'मला', 'तिला' हे शब्द सुटे राहत नाहीत, क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात. 'मांजा' म्हणजे खा. 'ला' म्हणजे ती, पोळीबिळी जे असेल ते. 'मांजाला', झालं, ती खा. आणि 'मी' म्हणजे मला. आता ताई, साठ वर्षं मी-मी करणाऱ्या माणसाच्या तोंडात ऐनवेळी काय येणार?

पुरणपोळी वाढली आणि मी म्हणालो, "मांजामी." बाईंचा हात थांबला. मला वाटलं, संकोचतायत. पुन्हा म्हणालो. जावईबापूंना पाणी पिता पिता ठसका लागला. मग मी आपल्या पद्धतीप्रमाणे हात जोडून, अगदी कळकळीने, तिसऱ्यांदा म्हणालो.

संचिता हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना 'मला खा' म्हणताय."

दूध आणतो म्हणून मी उठलो (फ्रिजमध्ये तीन पिशव्या होत्या) आणि रिक्षा करून थेट जेसल पार्कच्या खाडीवर जाऊन बसलो. रिक्षावाल्यानेही विचारलं, "अंकल, तबियत ठीक है ना?" संध्याकाळी परतलो तर बाईंनी माझं ताट झाकून ठेवलेलं. झाकण काढून शांतपणे म्हणाल्या, "मांजाला." मी मान खाली घालून खाल्ली.

तुझा,
ईश्वर

ता. क. मंडळी शुक्रवारी रत्नागिरीला तुझ्याकडे येतायत. घरात जागा कमी आहे, ईश्वरला आणू नका, असं तू संचिताला कळव. मला सांगायला लावू नकोस.

आणखी ता. क. आशाने आत्ता हे पत्र वाचलं. म्हणाली, "बत्तीस वर्षांत मला कधी मराठीतसुद्धा 'खा' म्हणाला नाहीत." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आलोय. तिला काय म्हणावं, तेवढं मात्र लगेच कळव.