न घासलेलं नाणं

मी, प्रबोध हेमचंद्र चौबळ, वय अठ्ठावीस, मूळ राहणार पुणे, सध्या सिंगापूरला वुडलँड्समधल्या एका फ्लॅटच्या एका खोलीचा अर्धा भाडेकरू, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. बाबांचं मत वेगळं पडेल, पण त्यांना कोणी विचारलेलं नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही, मी प्यायलेलो नाही. येत्या रविवारी मी सायकलने समुद्रावरचा कॉजवेचा पूल ओलांडून निघतोय: मलेशिया, थायलंड, लाओस आणि पाय टिकले तर मंगोलिया. रस्त्यावरचे ट्रक सांगून येत नाहीत, म्हणून हे आधी.

१. घर, जमीन, दागिने: नाहीत. मृत्युपत्राच्या नमुन्यात हे कलम होतं म्हणून ठेवलं.

२. माझ्या मागे या कागदाची अंमलबजावणी माझी थोरली बहीण उल्का हिने करावी. ताई, माझी अर्धवट कामं तू शाळेपासून पुरी करत आलीस. हे शेवटचं.

३. बाबांना माझं घोड्याचं नाणं द्यावं. इंग्लंडमध्ये हॉटेलचं शिक्षण अर्ध्यात सोडून मी नॉर्विचजवळ गाजरं पॅक करत होतो, तेव्हा दर शनिवारी बाजारात एका म्हाताऱ्या नाणेवाल्यापाशी जाऊन उभा राहायचो. (त्याचा कुत्रा फक्त मला चावायचा नाही. असो.) पहिल्या पगारात हे घेतलं. रोमन लोक यायच्या आधी तिथे राहणाऱ्या केल्टांचं, करंगळीच्या नखाएवढं, चांदीचं. बाबा, तुम्ही मला मोकाट घोडा म्हणायचात. हा बघा, दोन हजार वर्षं मातीत होता, तरी पाय थांबलेले नाहीत.

४. माझा खोलीतला जोडीदार ज्ञानेश्वर याला माझं नाणी बघायचं भिंग द्यायचं होतं, पण तो साक्षीदार आहे. इथल्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. तो म्हणाला, "बरं झालं. तुझी उशीसुद्धा नको मला." भिंग ताईला.

५. आता रोहन आजरेकर.

सातवीपासून आम्ही एका बाकावर. मला सिंगापूरला त्यानेच आणलं, प्रदर्शनांचं सामान पॅक करायची नोकरीही त्याच्याच ओळखीने लागली. मी खोल्या बदलत असतो, म्हणून इंग्लंडमध्येच घेतलेली माझी एथेलरेड राजाची चांदीची पेनी त्याच्या पुंगोलच्या घरी ठेवली. "माझ्या कपाटात ठेव, बिनधास्त," तो म्हणाला.

ही हजार वर्षांपूर्वीची सॅक्सन नाणी यंत्राची नाहीत. खाली एक ठसा, मध्ये चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. माणसाच्या हाताने पाडलेली, त्यामुळे एकासारखं दुसरं नसतं. माझ्या पेनीवरच्या राजाच्या डोक्याचा मागचा भाग कडेच्या बाहेर गेलेला होता आणि नाकापासून काठापर्यंत एक चीर होती. मी म्हणायचो, राजाला सर्दी झालीय.

२०१४च्या दिवाळीत रोहन आणि त्याची बायको चैत्राली यांच्याकडे फराळाला गेलो, पेनी बघायला मागितली, तर ती चमच्यासारखी चकचकीत. हजार वर्षांची काळसर साय गेलेली आणि चीरही दिसेना. रोहनने मला बाल्कनीत नेलं. "चिडू नकोस. चैत्रालीने लक्ष्मीपूजनाची चांदी रांगोळीने घासली, त्यात हेही गेलं. तिला काय कळतंय!"

दुसरी कुठलीही थाप मी तपासली असती. पण दिवाळीआधी रांगोळीने चांदी घासणारी घरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. चीरही घासली गेली असेल, असं धरून मी चालू लागलो. ती घासून जात नसते, हे मला ठाऊक असूनही.

मी थेट स्वयंपाकघरात गेलो. "एवढी शिकलीस, आणि हजार वर्षांचं नाणं भांड्यासारखं घासलंस? अडाणी आहेस तू."

तिचे हात ओले होते. "ताटात होतं ते सगळं घासलं रे मी. त्यात आलं असेल. चुकलं माझं."

रोहन दारात करंजी घेऊन उभा होता. त्याने ती शांतपणे खाल्ली.

मी पेनी खिशात घालून निघालो आणि त्या घरी परत गेलो नाही.

गेल्या महिन्यात या यादीसाठी वजनं लिहायची होती, म्हणून ज्ञानेश्वरने तो काम करतो त्या बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये पेनी तोलली. खऱ्यापेक्षा अर्धा ग्रॅम जास्त, आणि काठावर साच्याची बारीक रेघ. नकली. मग मी इंटरनेटवर जुन्या लिलावांचे फोटो चाळत बसलो. तिसऱ्या दिवशी राजा सापडला, सर्दीसकट. विक्री सप्टेंबर २०१४ची. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात होती. रांगोळीचा डबा उघडला त्याच्या महिनाभर आधीच माझी पेनी त्या घरातून गेलेली होती.

फोन केला. रोहन म्हणाला, "तू तरी काय करणार होतास त्याचं? आज इथे, उद्या तिथे."

"आणि चैत्राली?"

"ती कधीच विसरली यार."

तरी रोहनला ते नकली नाणं द्यावं. दर दिवाळीला त्याने ते स्वतः घासावं.

६. चैत्राली आजरेकर हिला माझी कापलेली अर्धी पेनी द्यावी. त्या काळी सुटे नव्हते, मागच्या क्रुसाच्या रेघेवर पेनी कातरून अर्धी करत. ही खरी आहे. सोबत माझी माफी.

इथवर लिहून पेन ठेवलं. मेल्यावर माफी मागायची म्हणजे मी रोहनपेक्षा फार बरा नाही. आज ज्ञानेश्वरला घेऊन पुंगोलला आलो. रोहन ऑफिसात होता. चैत्रालीने जेवणाच्या टेबलाशी बसून सगळं वाचलं, पाचवं कलम दोनदा. तिची पाच वर्षांची मुलगी पूर्वी अर्धी पेनी हातात फिरवत सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, व्हाय हाफ वन? ब्रोकन लाह!"

चैत्राली म्हणाली, "त्या दिवाळीपासून मी देवाची चांदी घासलेली नाही. परत काही बिघडेल म्हणून. बघ, देव काळे पडलेत."

मी पूर्वीच्या हातातल्या अर्ध्या पेनीकडे बोट दाखवलं.

"नाणं नको मला. दुसरा साक्षीदार कोण?"

"मिळायचाय."

"मी करते सही."

"मग तुला काही मिळणार नाही. चौथं कलम वाचलंस ना?"

"वाचलं. नवऱ्यालाही नाही ना?"

"नवऱ्यालाही नाही."

"मग पेन दे."

७. म्हणून पाचवं आणि सहावं कलम रद्द. अर्धी पेनी पूर्वीला. नकली नाणं मी मंगोलियाच्या वाटेवर कुठेतरी टाकीन. रोहनला माझ्याकडून काही नाही, आणि हे त्याला त्याच्या बायकोच्या सहीने कळेल.

या कागदावर मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली, त्यांनी माझ्या.

ठिकाण: पुंगोल, सिंगापूर
दिनांक: १२ ऑगस्ट २०१६

सही: प्रबोध हेमचंद्र चौबळ

साक्षीदार १: ज्ञानेश्वर वाकणकर, वुडलँड्स

साक्षीदार २: चैत्राली आजरेकर, पुंगोल
(सहीखाली तिच्याच अक्षरात: मी घासलं नव्हतं.)