गंजीवरचा पालथा फ्लेक्स

उचगाव,
४ मार्च

प्रिय वर्षाराणी,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी घाबरली असशील. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझी आई ठणठणीत आहे. थोरली म्हैस परवा व्यायली, रेडी झाली. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तर मी एसटीत कंडक्टर असल्यापासूनच कुरकुरतो. रोज संध्याकाळी फोनवर भेटणाऱ्या बापाला पत्र कुठून सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर मी काही सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात तू "जेवलात का अण्णा" विचारतेस, आणि मी "व्हय, जेवलो" म्हणून सुटतो. दोन वर्षं मी असाच सुटत आलोय. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

या पाकिटात आणखी एक कागद आहे, तो तू आधीच बघितला असशील. गारगोटीच्या शाळेत साडेतीन वर्षं विज्ञान शिकवल्याचा तुझा अनुभवाचा दाखला, सही-शिक्क्यानिशी. बहारीनच्या शाळेला पंधरा तारखेच्या आत हवा असलेला. गेल्या रविवारी तू म्हणालीस, ही नोकरी गेली तरी चालेल, पण त्या निशिगंधाच्या सहीसाठी मी तिच्या दारात उभी राहणार नाही. आता त्यावर सही तिचीच आहे. ती बघून कागद फाडायला निघाली असशील तर हे पत्र संपेपर्यंत थांब. मग काय फाडायचं ते ठरव.

मस्कतच्या नोकरीची तुझी खटपट चालली होती ते दिवस मला पाठ आहेत. तू आणि निशिगंधा, एकाच शाळेतल्या दोघी, गारगोटीत एका खोलीत राहायचा आणि शनिवारी माझ्याच जुन्या रूटच्या गाडीनं घरी यायचा. बी.एड., टीईटी सगळं झालेलं, तरी पदवीच्या कागदांवर शिक्के घ्यायला तू मुंबईला तीन फेऱ्या मारल्यास. एका एजंटानं कुवेतची म्हणून जी शाळा दाखवली, ती शाळा जगात कुठंच नाही, हे निशिगंधानं शोधून काढलं. नाहीतर तू फसलीच होतीस. रविवारी सकाळी दोघी इंग्रजीत मुलाखत-मुलाखत खेळायचा. ती साहेब व्हायची आणि तुला नाही नाही ते प्रश्न विचारायची. तुझी आई भाकरी थापता थापता हसायची.

आणि तो नमुना पाठ! तिथल्या शाळेला दहा मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. आपल्या स्वयंपाकघरात तू पितळेच्या वाटीत नाणं ठेवलंस, नाणं दिसायचं बंद होईपर्यंत फोन मागं घ्यायला लावलास, आणि मग वाटीत पाणी ओतल्यावर नाणं परत दिसायला लागलं. निशिगंधा एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं पाणी ओतत होती. व्हिडिओत तिचा तेवढाच हात दिसतो, बांगड्यांसकट. मी तो व्हिडिओ अजून ठेवलाय. मला त्यातलं विज्ञान कळलं नाही, पण माझी लेक मस्कतच्या पोरांना शिकवण्याजोगी आहे एवढं कळलं.

तू तेव्हा एकच गोष्ट मागितली होतीस. कुणाला सांगू नका. संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह दादा मुलखाचे हट्टी. दहावीची परीक्षा तोंडावर असताना शिक्षक जातोय असा नुसता वास आला तरी दाखला दाबून ठेवतील, म्हणून आधी दाखला हातात घ्यायचा आणि मग रीतसर राजीनामा द्यायचा, असं तुमचं ठरलं होतं. कारकुनानं दाखला टाईप करून ठेवला होता, सोमवारी अध्यक्षांची सही तेवढी व्हायची होती. गोष्ट चौघांत होती. तू, निशिगंधा, तुझी आई आणि मी. चौथ्या माणसाचं तोंड तीस वर्षं पॅसेंजरशी गप्पा मारण्यात गेलंय, हे तू विसरलीस.

पण खरं सांगतो, तोंडानं मी कुणालाच सांगितलं नाही. शपथ घेतो. मी फ्लेक्स केला.

हसू नकोस, आणि रागावूही नकोस इतक्यात. आपल्या मुलखाची खोड तुला माहीत आहे. नगरसेवकाचा वाढदिवस असो की म्हशीचा पहिला नंबर असो, आपल्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय गोष्ट झाली असं कुणी मानत नाही. आपल्या गल्लीतल्या उदयसिंहाचा पोरगा जर्मनीला गेला तेव्हा स्टँडसमोर वीस फुटी फ्लेक्स लागला होता, महिनाभर. मी दूध घालायला रोज त्याच्याखालून जायचो. मी काही वाईट माणूस नाही, पण रोज मान वर करून तो बघायचो. तीस वर्षं खाकीत तिकिटं फाडली, फ्लेक्सवर कुणी घेतलं नाही. माझ्या पोरीचा फोटो लागेल आणि त्याच्याखाली माझं नाव असेल, एवढीच हौस होती.

लावायचा नव्हता मला तो इतक्यात. तू विमानात बसशील त्या दिवशी लावायचा होता. पण फुटबॉलचा हंगाम चालू होता. शिवाजी पेठेतला फ्लेक्सवाला राजवीर तालमींच्या संघांचे झेंडे आणि फ्लेक्स छापण्यात गळ्यापर्यंत बुडाला होता, म्हणून पंधरा दिवस आधीच सांगून ठेवला. मध्ये तुझा फोटो, वर "मस्कत येथे शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि खाली शुभेच्छुकांची ओळ. त्यात फेटा बांधलेला मी, तुझी आई आणि निशिगंधा. दिवाळीत तुम्हा दोघींचा काढलेला फोटो होता ना, त्यातून तिला कापून घेतलं. तिच्या फोटोखाली "जिवलग मैत्रीण" लिहायला मीच सांगितलं होतं.

सोमवारी दुपारी फ्लेक्स आणायला गेलो तर राजवीर खुशीत. म्हणाला, "काका, तुमचा फ्लेक्स लई गाजला बघा! काल स्टेटसला टाकलता. गारगोटीच्या अध्यक्षांनीबी बघितला, फोन केलता, ही आमच्याच शाळेची मॅडम काय म्हणून." तो रोजचं छापलेलं काम व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकतो, हे मला माहीत नव्हतं. अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फ्लेक्सही तोच छापतो, हेही माहीत नव्हतं. त्या पोराचा काही दोष नाही, त्यानं कौतुकानंच टाकलं होतं. मी गुंडाळी काखेत मारली आणि उचगावची गाडी पकडली. वाटेत तुला फोन लावायचं धाडस झालं नाही.

दारात आलो तर तुझी बॅग ओट्यावर. तू आत आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होतीस. अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांसमोर दाखल्याचा कागद टराटरा फाडला होता, आणि "लपवून काय ऱ्हातंय व्हय?" एवढंच म्हणाले होते. तू मला बघून उठून बसलीस आणि म्हणालीस, अण्णा, निशिगंधानं सांगितलं, दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. वर्षा, फ्लेक्स माझ्या काखेत होता. त्या वेळी नुसता तो उलगडला असता तरी पुरलं असतं. मी म्हणालो, जरा गोठ्याकडं जाऊन येतो. गोठ्यामागं गेलो, कडब्याच्या गंजीवर फ्लेक्स पालथा पसरला, पांढरी बाजू वर, आणि कडेनं दगड ठेवले. परत येऊन तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ दे, माणसं ओळखता येत नाहीत. हे वाक्य मी म्हणालो. तोच हात आता हे लिहितोय.

मस्कतनं दहा दिवस वाट बघून दुसरी घेतली. तू राजीनामा देऊन पुण्याला क्लासमध्ये शिकवायला गेलीस. तिथं वाटी नाही, नाणं नाही, नुसते चार पर्याय आणि त्यातला बरोबर एक, असं तूच एकदा म्हणाली होतीस. निशिगंधा मात्र तुझ्यासाठी महिनाभर फोन करत होती. तुला, आणि तू तिचा नंबर बंद केल्यावर मला. मी तिचा फोन वाजताना नुसता बघत राहायचो. नंतर रूटवरच्या जुन्या मित्रांकडून कळलं की अध्यक्षांनी तिलाही सोडलं नाही, दहावीचे वर्ग काढून घेतले आणि डोंगरातल्या शाखेत वर्षभर पाठवलं. तेही मी तुला सांगितलं नाही. तुझ्या आईला सगळं माहीत आहे. त्या दिवशी संध्याकाळीच तिनं गंजीवरचा फ्लेक्स उचलून बघितला होता. ती एवढंच म्हणाली, "तुमीच सांगा. मी न्हाय सांगणार, पर तुमी सांगा." पहिले सहा महिने रोज म्हणायची. मग म्हणायची बंद झाली, आणि ते मला जास्त लागलं.

कंडक्टर असताना विनातिकीट माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. तो खिडकीबाहेर फार वेळ बघत बसतो. दोन वर्षं मी गोठ्यात गेलो की गंजीकडं पाठ करून धार काढतोय.

काल सकाळी निशिगंधा आली. गेल्या जूनपासून ती गारगोटीच्या शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका आहे, ते तुला माहीत आहेच. बहारीनच्या शाळेनं तुझ्याबद्दल विचारणारा ईमेल शाळेला पाठवला, तो तिच्यापुढं आला. तिनं त्याच दिवशी उत्तर दिलं, दाखला तयार केला, आणि तुझा पत्ता तिच्याकडं नाही म्हणून रजा टाकून माझ्याकडं आली. जरा वाळली आहे. चष्मा लागलाय. तुझी आई चहा टाकायला आत गेली आणि ती नवी रेडी बघायला म्हणून गोठ्यामागं गेली. मला आठवलं तेव्हा उशीर झाला होता. परवापासून वारं सुटलंय, एक दगड घसरला होता आणि फ्लेक्सचं खालचं टोक उलटून पडलं होतं. नेमकी ती शुभेच्छुकांची ओळ. ती स्वतःच्याच फोटोकडं बघत उभी होती. म्हणाली, "अध्यक्ष मला म्हणालेले, तुझाबी फोटो हाय त्यात. कुठला फोटो, मला दोन वर्षं कळलं न्हवतं, काका." मी माफी मागायला लागलो. तिनं वाकून ते टोक पुन्हा पालथं केलं, घसरलेला दगड उचलून त्यावर ठेवला, हात झटकले. चहा पिऊन जाताना दाखला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कारकुनानं दिला म्हणून सांगा, न्हायतर ती घ्यायची न्हाय. आन् ते फ्लेक्सचं ऱ्हाऊ दे. तुमच्यावरनं तिचं मन उडाया नको. माझ्यावरनं उडालंच हाय."

काल दिवसभर मी तेच करणार होतो, हे तुला कळायला हवं. पाकिटात नुसता दाखला घातला, चिकटवला, कुरिअरवाल्याकडं जायला चप्पल घातली. मला वाचवायला ती तयार होती आणि मी वाचायला तयार होतो. मग दारातून परत फिरलो, पाकीट फाडलं आणि लिहायला बसलो. तुझी मस्कतची नोकरी तिनं नाही, मी घालवली. आणि त्याहून मोठी गोष्ट घालवली ती तुझं जवळचं माणूस, तेही मीच. दाखला आजच बहारीनला पाठव. मग तिचा नंबर परत चालू कर आणि पहिला फोन तिला लाव. मला लावू नकोस इतक्यात. राग जाईपर्यंत लावू नकोस, गेलाच नाही तरी माझी तक्रार नाही. संध्याकाळी माझा फोन वाजला नाही तर मी समजेन की तू तिच्याशी बोलतेयस. आणि तू समज, की अण्णा जेवलेत.

तुझाच, तोंड लपवून बसलेला,
अण्णा