ईदची बदली बाई

१४ मार्च, गुरुवार

गेटला साखळी! आणि साखळीच्या वर साहेबांचा हसरा फोटो.

सकाळच्या पाळीला गेले तर सगळ्या बायका रस्त्यावरच उभ्या. वॉचमन म्हणाला, मला विचारू नका, मलाही उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय. दाराला कागद चिकटवलाय — कापडाला मागणी नाही, बाहेरचा स्वस्त माल आला, गिरणी तोट्यात, देणी कोर्ट ठरवील. असेलही खरं. विणकामाच्या साचे खात्यातले निम्मे साचे वर्षभर झाकून ठेवलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. पण रोजे परवा सुरू झाले! ईदच्या आधी बोनस द्यावा लागतो, म्हणून ईदच्या आधी गिरणीच बंद. काय डोकं आहे!

शुभेच्छांचा फलक मात्र वेळेवर लागलाय. मालक हांडोयोसाहेब हात जोडून उभे, खाली मोठ्या अक्षरात — कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफी असावी. नकळत! साखळी काय नकळत बसली?

सुमार्नी तिथेच फतकल मारून बसली. माझ्या खात्यातली सगळ्यात चलाख विणकरीण. मी उठ म्हटलं तर म्हणाली, "ताई, आता मला कुठल्या साच्यावर पाठवता?" मुकादम मी, आणि पाठवायला एक साचा नाही.

आमच्याकडे ईदला कुणीही माफी मागितली तर द्यायची असते. भांडलेले भाऊ देतात, सवती देतात. 'नाही' म्हणणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. यंदा मी आहे. या माणसाला माझ्याकडून माफी नाही. बाकी सगळं नेलंय त्याने, हे एवढं माझ्याकडे राहू दे.

१९ मार्च, मंगळवार

चपलांच्या कारखान्यात गेले. दारावरच पाटी — वय तिशीच्या आत. बिस्किटांच्या कारखान्यात पस्तिशीच्या आत, शिवाय 'दिसायला नीटनेटकी'. बिस्किटं काय तोंड बघून खातात? टेबलावरच्या पोरीला म्हटलं, बाई, मी एक अख्खं खातं चालवलंय. ती म्हणाली, "मावशी, नियम आहे." मावशी! काल-परवापर्यंत अशा पोरी माझ्यासमोर मान खाली घालून उभ्या राहायच्या.

चव्वेचाळीस म्हणजे मी काय मसणात गेले?

२५ मार्च, सोमवार

सुमार्नी आली होती. तिने गल्लीच्या तोंडाशी भज्यांची गाडी लावलीये. रोजा सोडायच्या वेळेला बरी चालते म्हणे. तिला लाज नाही वाटत. मला तिच्याकडे बघून वाटते. हे काही चांगलं नाही, पण वाटतं ते वाटतं.

तिने एक सुचवलं. जकार्तातल्या मोलकरणी ईदला गावी निघाल्या की तिथल्या बड्या घरांचे हाल कुत्रं खात नाही. तेवढ्या दिवसांपुरती बदली बाई लागते. पगार भरघोस, जेवण-राहणं त्यांच्याकडे. तिच्या वहिनीची एजन्सी आहे.

मी म्हटलं, अगं, गिरणीत बदली कामगार मी लावत होते. तर म्हणते कशी, "मग काय झालं, आता तुम्ही लागा!" मी चहाचा कप असा आपटला की कानच तुटला. ती शांतपणे तुकडा उचलून निघून गेली.

लोकांची खरकटी भांडी. मी.

२८ मार्च, गुरुवार

आईची औषधं संपत आली. शेजारी उसनं मागायला गेले आणि दारातूनच परत फिरले.

३० मार्च, शनिवार

जाते. आईला सांगितलं, जकार्तातल्या एका कापडाच्या ऑफिसात महिनाअखेरचं काम आहे. ती म्हणाली, ईदच्या दिवशी कसलं ऑफिस? मी म्हटलं, मोठ्या शहरात असतं. ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. ईदला तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून माफी मागितली नाही, असं माझं एकही वर्ष गेलेलं नाही.

३ एप्रिल, बुधवार

माझी बस रिकामी. समोरून येणाऱ्या सगळ्या खच्चून भरलेल्या, मोटारसायकलींवर अख्खी बिऱ्हाडं. सगळं जग घराकडे चाललंय आणि मी उलटी.

घर मोठं आहे. मालकीण राटिहबाई, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग दात. बाजारात म्हैस घेतात तशा! मग गुलाबी कपडे दिले. गुलाबी. वर पांढरा एप्रन. नाव विचारलं, मी विगाती म्हटलं. "आमच्या बाईचं नाव इनाह आहे, मुलांना तेच सवयीचं आहे. चालेल ना?" म्हणजे नावसुद्धा बदली!

चालेल म्हटलं. न चालून काय करते?

५ एप्रिल, शुक्रवार

इथे मुख्य काम राटिहबाईंच्या आईचं. सगळे त्यांना एयांग म्हणतात, आजी. पायांनी गेल्यात, पण जीभ शाबूत. आंघोळ घालायची, भरवायचं, केसांना तेल लावायचं. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "तू मोलकरीण नाहीस. मोलकरणी मान खाली घालून घास देतात, तू हुकूम दिल्यासारखा देतेस." मी म्हटलं, मग घास घ्या. हसल्या. इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी असं सरळ बोललं नव्हतं.

बाकी घर म्हणजे — जाऊ दे. एक थोराड मुलगा रोजा ठेवतो आणि दुपारी कपाटाआड चिप्स खातो. रिकामी पाकिटं मला सापडतात.

७ एप्रिल, रविवार

हे कसलं नशीब!

ईदची झाडलोट चालली होती. दिवाणखान्यातले फोटो पुसायला घेतले. वरच्या रांगेत एक काळा-पांढरा — लुंगी नेसलेला माणूस जुन्या लाकडी साच्याशेजारी उभा. मागे आमच्या गिरणीचं गेट! तेच, दोन खांबांचं. आणि त्याच्याच शेजारी रंगीत फोटोत हांडोयोसाहेब, राटिहबाईंच्या खांद्यावर हात टाकून.

फडकं तसंच हातात राहिलं. विचारलं, हे कोण? राटिहबाई म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ. आईचा लाडका. ईदला येतोच दरवर्षी, आईच्या पाया पडायला." लुंगीवाले एयांगचे यजमान. त्यांनीच गिरणी उभी केली.

म्हणजे ज्याने माझा घास काढून घेतला त्याच्याच आईला मी घास भरवतेय.

आधी पिशवी भरली. मग विचार केला, सणाच्या तोंडावर निघून गेले तर एजन्सी एक पैसा देणार नाही. पिशवी परत रिकामी केली.

तेल लावताना एयांगना सहज विचारलं, गिरणी कशी चाललीये? म्हणाल्या, "छान चाललीये. हांडोयो सांगतो ना." यांना कुणी सांगितलेलंच नाही! साखळी, कोर्ट, काहीच नाही. सगळं घर मिळून म्हातारीला फसवतंय. मी तेल चोळत राहिले.

८ एप्रिल, सोमवार

ईदला घरातले, पाहुणे, नोकर सगळे रांगेने हात मिळवून माफी मागतात. तो माझ्यापुढे येणार. मी हात मागे घेणार. ठरलं.

१० एप्रिल, बुधवार. ईद.

थू माझ्या जिभेवर!

नमाज झाली, सगळे नवे कपडे घालून आले. साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले, फलकावर होते तसेच. आईपुढे गुडघ्यांवर बसले, तिच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि रडले. खरंच रडले. एयांगनी केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, केलं बाळा, माफ केलं. मला माझी आई आठवली.

मग रांग. शेवटी ड्रायव्हर, माळी आणि मी. मी मनात घोकत होते — हात मागे, हात मागे. साहेबांनी माझे दोन्ही हात धरले, माझ्या डोक्यावरून मागे कुठेतरी बघत म्हणाले, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफी असावी. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं — माफ आहे, साहेब, माझंही काही चुकलं असेल, मलाही माफ करा.

मी! माफी दिली, वर त्यांचीच मागितली! लहानपणापासून घोकलेलं, शिंक यावी तसं बाहेर पडलं. ते पुढे गेलेसुद्धा. गिरणी बंद व्हायच्या आधी साचे खात्यात भाषण करायला आले होते तेव्हा मी पहिल्या ओळीत होते. ओळखलंही नाही.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. रागाने.

तोच दिवस, संध्याकाळ

लिहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या वाटेल स्वप्न पडलं होतं.

दुपारी सगळे जेवायला बसले. केतुपात, पानात उकडलेला भात, कापून नारळाच्या दुधातली कोंबडी वाढत होते. एयांगनी मुलाला विचारलं, "गिरणीतल्या बायकांना ईदचं कापड वाटलंस ना? बाबांची रीत आहे. आधी बायकांना कापड, मग घरात." साहेबांनी घास चावत सांगितलं, "हो आई. दरवर्षीसारखं. खूश होत्या सगळ्या."

खूश!

मला सुमार्नी दिसली, रस्त्यावर फतकल मारून बसलेली. मी भांडं टेबलावर ठेवलं. म्हटलं, "साहेब, सकाळी माझ्या तोंडून तुम्हाला माफी गेली. ती मी परत घेते."

सगळे थांबले. थोराड मुलाचा चमचा तोंडातच.

मी म्हटलं, "माझं नाव इनाह नाही. मी विगाती, साचे खात्याची मुकादम. कापड कुणालाही मिळालेलं नाही. पगार नाही, बोनस नाही. गेटला साखळी आहे. एयांग, गिरणी महिन्याभरापूर्वी बंद झाली."

साहेब आधी हसले. म्हणाले, "अहो बाई, दिलेली माफी कुणी परत घेतं का?" मी म्हटलं, दिलेलं काम परत घेता येतं, तर ही का नाही? मग त्यांचा चेहरा पडला. राटिहबाई म्हणाल्या, "आत जा. आत्ताच्या आत्ता." मी गेले. एयांगकडे बघायची हिंमत झाली नाही.

पांढरी गाडी चहाच्या आधीच निघून गेली.

११ एप्रिल, गुरुवार

राटिहबाईंनी सकाळी दिवाणखान्यात उभं केलं. काय काय बोलल्या! खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. सणाच्या दिवशी. आईला काही झालं असतं तर? ही शेवटची गोष्ट मला लागली, कारण तीच भीती मलाही होती. बाकीचं ऐकून घेतलं नाही. म्हटलं, वासे तुमच्या भावाने काढून नेले, मी फक्त मोजले.

"चालती हो," म्हणाल्या. मी एप्रन सोडायला घेतला. तेवढ्यात सिंक त्यांच्या नजरेला पडलं. कालच्या चाळीस पाहुण्यांची भांडी, डोंगर नुसता! एजन्सीला फोन लावला. दुसऱ्या एजन्सीला लावला. ईदच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या जकार्तात बदली बाई मिळत असती, तर मला तरी बोलावलं असतं का? मग तोंड वळवून म्हणाल्या, "सोमवारपर्यंत राहा. माझ्याशी बोलू नकोस." मी एप्रन परत बांधला. ही नोकरी टिकल्याचा आनंद व्हावा, कुठून कुठे आले मी!

एयांगनी कालपासून केसांना तेल लावू दिलेलं नाही. घास निम्माच घेतात. आंघोळ घालताना फक्त एकदा विचारलं, बायका आता काय करतात? मी सांगितलं. सुमार्नी भजी तळते. एक दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करते. दोघी मलेशियाला जायच्या रांगेत आहेत. मी हे करते. त्यांनी डोळे मिटले. पाणी फार गार झालं का, मी विचारलं. नाही म्हणाल्या.

मला वाटतं मी त्यांना मारलं. सुखाने जाऊ द्यायचं सोडून शेवटच्या वर्षांत हे ऐकवलं. माझा राग साहेबांवर, आणि बसला कुणाला!

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी एयांगनी फोन मागितला. मी नंबर लावून त्यांच्या तोंडाशी धरला. आवाज खणखणीत होता.

"हांडोयो, परवा माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस, मी माफ केलं म्हणाले. ते मी परत घेते. आधी त्या बायकांच्या दारात जाऊन बस. मग माझ्याकडे ये."

मान वळवून मला म्हणाल्या, आता तू बोल. फोन चालूच होता. पलीकडून नुसतं 'आई, आई' ऐकू येत होतं. मी कानाला लावला.

म्हटलं, "साहेब, पहिलं दार सुमार्नीचं. तिच्या गल्लीत गाडी शिरत नाही. चालत यावं लागेल."