एक मिनिट बारा सेकंद

९ फेब्रुवारी २०२५, रविवार, वणी

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाच्या आयुष्यात वळण येतं तेव्हा त्याने नेमकं काही लिहून ठेवलेलं नसतं, मग मागाहून लोक काहीबाही छापतात. माझं तसं व्हायला नको.

वळण असं. सकाळी मुंबईहून मेसेज आला. देविका नावाची मुलगी, एका मोठ्या संगीतकाराची असिस्टंट. 'कोळसाराजा' नावाचा सिनेमा येतोय, पाच भाषांत, सगळ्या देशात एकाच दिवशी. त्याच्या थीम साँगला खाणीच्या गावातला, धूळ खाल्लेला, खरखरीत आवाज पाहिजे. केळापूरच्या हळदीत आपला ग्रुप गायला होता त्याचा व्हिडिओ तिने पाहिला. विचारते, एक मिनिट बारा सेकंदांपासून जो आवाज आहे तो कोणाचा?

व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. त्या जागी स्टेजच्या मधोमध मी आहे. जांभळा कोट. टाळ्या वाजवतोय. गातोय माझा मित्र जुनेद, पण तो साउंड बॉक्सच्या मागे आहे, दिसत नाही.

आता प्रश्न बारीक आहे. ग्रुपचं नाव 'संघर्ष म्युझिकल ग्रुप'. संघर्ष म्हणजे मी. बॅनरवर नंबर माझा. ते गाणं कोणत्या पट्टीत उचलायचं हे जुनेदला मीच सांगितलं होतं. गळा त्याचा असेल, पण आवाज ग्रुपचा, आणि ग्रुप माझा.

लिहिलं: माझा.

जुनेदला सांगणारच आहे. योग्य वेळ पाहून.

१० फेब्रुवारी, पहाटे ५.१०

तंबाखू-सुपारीचा खर्रा कायमचा बंद. रोज पहाटे एक तास रियाज. तळलेलं नाही, थंड नाही. काट्यावर ड्रायव्हर लोकांशी वाद नाही. (धर्मकाट्यावर कोळशाचे ट्रक मोजायची नोकरी तात्पुरती आहे. चौदा वर्षं झाली.)

पहिला सा लावला तर उर्वशी उठून आली. विचारते, मोटर अडकली का? बायको असून कलेची समज नाही. असो.

११ फेब्रुवारी

एक खर्रा खाल्ला. एकदम सोडलं तर गळ्याला झटका बसतो.

१६ फेब्रुवारी

नागपूर. छोटा स्टुडिओ, पण एसी कडक. देविका मुंबईहून लॅपटॉपवर. आवाज गोड आहे सर, म्हणाली. तीन वेळा म्हणाली. मग म्हणाली, त्या व्हिडिओत जे फाटलेपण होतं ते द्या ना. मी दिलं. ती म्हणाली, हे नाही. पुन्हा दिलं. काच मध्ये होती तरी रेकॉर्डिस्ट चहा पिताना हसला हे मला दिसलं. कदाचित दुसऱ्या कशावर हसला असेल.

चार तास गायलो. एवढा वेळ कोणी नापसंत माणसाला देत नाही.

१८ फेब्रुवारी

देविकाचा मेसेज. सर, व्हिडिओत अजून कोणी गायक होते का?

उत्तर लिहायला दुपार गेली. शेवटी लिहिलं की एक जण होता, पण आता गात नाही, त्याचा गळा गेला. हे अगदीच खोटं नाही. जुनेद हिवाळाभर खोकत होता. ट्रकांची वायरिंग करून करून छातीत धूळ बसलीय त्याच्या. गाडीघोड्याची दगदग त्याला झेपणार नाही. मित्राची काळजी मित्रानेच करायची.

२० फेब्रुवारी

जुनेद काट्यावर आला होता, एका ट्रकचं इंडिकेटर पाहायला. विचारलं, नागपूरले काहून गेलता? मी म्हटलं, दात. तो म्हणाला, कोणता? मी डावीकडचा दाखवला. त्याने खिशातून लवंग काढून दिली. योग्य वेळ नव्हती.

२६ फेब्रुवारी

पुन्हा बोलावणं! देविकाचा स्वतः फोन. म्हणते, सर, आम्हाला शंका होती, पण आता कन्फर्म झालं की तो आवाज तुमचाच आहे, आणखी एकदा प्रयत्न करू. कोणाकडून कन्फर्म झालं हे मी विचारलं नाही. खऱ्या गुणाला साक्षीदार लागत नाही.

उर्वशीला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, अन जुनेदभाऊ? मी म्हटलं, ते वेगळं आहे. ती म्हणाली, काय वेगळं आहे? मी बाहेर येऊन बसलो.

२ मार्च

दुसरं रेकॉर्डिंग. खरखरीतपणा यावा म्हणून दोन दिवस काट्यावर मुद्दाम ओरडून बोललो. तीन ड्रायव्हर चिडले. नागपुरात उतरल्यावर सावजीचा जाळ तिखट रस्सा दोन वाट्या प्यायलो. गळा छान फाटला, पण इतका की वरची पट्टी निघालीच नाही. रेकॉर्डिस्टने गरम पाणी दिलं. देविका म्हणाली, आम्ही कळवतो सर.

कळवतो म्हणजे होकार आहे. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाली असती. मुंबईचे लोक स्पष्ट असतात.

९ मार्च

चौकात फ्लेक्स लागला. 'वणीचा आवाज आता देशभर'. माझा फोटो, जांभळा कोट. जुनेदचाही लावणार होतो, पण जागा उरली नाही. लोकांनी आपापले फोटो खालच्या ओळीत टाका म्हणून गर्दी केली, त्यांना नाही कसं म्हणणार?

उर्वशी म्हणाली, गाणं तर येऊ द्या आधी. अशाने माझा उत्साह राहत नाही.

जुनेदला फ्लेक्स पाहूनच कळलं. मी सांगणार होतो, पण प्रिंटरने लवकर दिला. तो स्टूल घेऊन आला, दोरी सैल होती ती घट्ट बांधली आणि वर एक एलईडी लावून दिला. म्हणाला, अंधारात दिसला पाहिजे ना तू. खांद्यावर थाप मारली. मन मोठं आहे त्याचं. मलाही बरं वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे.

६ एप्रिल

कोणाचा फोन नाही. मोठ्या सिनेमात गुप्तता असते.

जयंतीचा कार्यक्रम आठवड्यावर आला. सोळा वर्षं या कार्यक्रमात मी आणि जुनेद मिळून गातो. आंबेडकर चौकातले लोक त्याच्या गाण्यासाठी थांबतात, हे मान्य. पण यंदा मी सिनेमाचा गायक आहे. जुनेदला म्हटलं, या वर्षी मी एकटाच गातो, कार्यक्रम छोटा आहे. तो काही वेळ पाना पुसत बसला. मग म्हणाला, ठीक आहे ना. आरिफाने (म्हणजे त्याच्या बायकोने) नवीन कुर्ता शिवला होता, तो ईदला घालन आता. ईद होऊन आठवडा झालेला. त्याच्या लक्षात नसेल.

१४ एप्रिल

काय लिहू?

चौक भरलेला. पहिलं गाणं निभलं. दुसऱ्याच्या अंतऱ्याला गळा बसला. बसला म्हणजे हवाच निघाली. मार्चपासून तो नीट झालेलाच नव्हता, हे मी डॉक्टरला दाखवायला हवं होतं, पण सिनेमाचं काम हातात असताना कोण दाखवतं? मागून कोणीतरी ओरडलं, जुनेदभाऊले बोलवा! मग सगळेच. जुनेद समोर चौथ्या रांगेत होता, आरिफा आणि पोरीसोबत, साध्या शर्टात. तो उठला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, मी बोलावतो का ते.

मी माइकवर म्हटलं, जनरेटरमध्ये बिघाड आहे.

लाइट सगळे चालू होते.

२५ एप्रिल, सकाळी ११

थीम साँग आलं. काट्यावर दार लावून ऐकलं. मुंबईचा कोणीतरी गायलाय. नाव मोठं आहे. गाणं जोरात आहे, ढोल, भोंगे, आणि मध्ये तो आवाज फाडून ओरडतो. फाडायची पद्धत ओळखीची आहे. शब्दाच्या शेवटी खाली सोडून देणं, श्वास तसाच ऐकू येऊ देणं. ते जुनेदचं आहे. त्यांनी त्या माणसाला आमचा व्हिडिओ ऐकवला असणार.

दुपारी ३. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर मागे कोरसमध्ये एक 'हो' आहे. तो माझा असू शकतो.

संध्याकाळी ६. एकतीस वेळा ऐकलं. तो भोंगा आहे.

२६ एप्रिल

देविकाला फोन केला. तिने उचलला, हेच विशेष. म्हणाली, सॉरी सर, आम्हाला तो आवाज फार हवा होता. मला तर आधीपासून वाटत होतं की तो तुमच्या मित्राचा आहे. फेब्रुवारीत आम्ही त्यांचा नंबर शोधून फोनही केला होता. ते म्हणाले, मी नाही, आवाज संघर्षचाच आहे, त्याचा गळा खराब होता म्हणून रेकॉर्डिंग तसं झालं, त्याला आणखी एकदा बोलवा. म्हणून तर तुम्हाला दुसऱ्यांदा बोलावलं. तुम्ही दोघंही तेच सांगत होता, मग आम्ही काय करणार?

मी म्हटलं, हो, बरोबर, आवाज माझाच.

फोन ठेवल्यावर काटा तसाच बंद ठेवला. बाहेर चार ट्रक हॉर्न वाजवत होते.

२७ एप्रिल, रविवार

जुनेदकडे गेलो. बायपासवरच्या त्याच्या गॅरेजात. ट्रकच्या केबिनमध्ये डॅशबोर्ड उघडून बसला होता. मी शेजारच्या सीटवर चढलो.

विचारलं, देविकाचा फोन आलता तुले?

आलता.

मले काहून नाही सांगतलं?

तो म्हणाला, तू बी कुठं सांगतलं?

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. पुढे म्हणाला, ती पोरगी म्हणे, संघर्ष सर म्हणतात तुमचा गळा गेला. मी समजलो. इतकं खोटं बोलून राह्यला म्हणजे याले हे लयच पाहिजे. वीस वर्षं साउंड, स्टेज, लोकायची बोलणी, सारं तूच पाह्यलं. मी नुसता येऊन गायलो. म्हटलं, घेऊ दे त्याले.

अन तुले नोहतं पाहिजे?

दातात वायर होती, ती त्याने काढली. म्हणाला, पाहिजे होतं ना.

एवढंच म्हणाला. मग वायरी जोडल्या आणि ट्रकचा टेप सुरू झाला. तेच गाणं लागलं होतं, सध्या सगळीकडे तेच आहे. त्याने बंद केलं नाही. टेस्टर फिरवता फिरवता तो सोबत गुणगुणायला लागला, अर्ध्या आवाजात, सहज. मी ऐकलं. मुंबईच्या माणसाने जे ओरडून आणायचा प्रयत्न केलाय, ते त्या गुणगुणण्यात सहज येत होतं. माझ्यात ते कधीच नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. माहीत मला वीस वर्षांपासून आहे.

घरी येऊन देविकाला मेसेज पाठवला. तो आवाज माझा नाही. जुनेदचा आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. पाठवायला खूप वेळ लागला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. अंगठ्याचं चित्र.